ट्रेडिंग: कुठला शेअर, यापेक्षा किती शेअर

 

आजचा विषय पैशांचा आहे. शेअर बाजारात जे वरचेवर खरेदी-विक्री करतात, म्हणजे ज्याला आपण सरळ ट्रेडिंग म्हणतो, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. पण ज्यांचा ट्रेडिंगशी काही संबंध नाही त्यांनीही ऐकावं, कारण घरातला एक जण ट्रेडिंग करत असेल तर त्यात पैसा सगळ्या घराचा असतो. शक्य असेल तर नवरा-बायको दोघांनी मिळून ऐका. हाताशी कागद-पेन घ्या, थोडी आकडेमोड आहे; चौथीच्या गणितापलीकडची नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. कुठला शेअर घ्या, सोनं वर जाईल की खाली, यातलं काहीही मी सांगणार नाही. ते सांगणारे मोबाइलवर ढिगाने आहेत. मी बोलणार आहे ते त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल: घ्यायचंच ठरलं, तर किती घ्यायचं? आणि चुकलं, तर किती जाऊ द्यायचं? इंग्रजीत याला पोझिशन सायझिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुनं वाक्य आहे: अंथरूण पाहून पाय पसरावे. आजचं सगळं बोलणं म्हणजे हे अंथरूण मोजायचं कसं, एवढंच.

आपल्याकडे, म्हणजे आखातात, ट्रेडिंगची सवय लागायला घड्याळ मोठं सोयीचं आहे. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा इथे पावणेसात वाजलेले असतात, आणि साडेतीनला तो बंद होतो तेव्हा इथे दुपारचा एक. म्हणजे कामावर निघायच्या आधी एक सौदा, चहाच्या सुट्टीत दुसरा. संध्याकाळी साडेचार-साडेपाचला अमेरिकेचा बाजार उघडतो. शुक्रवारी आपल्याला सुट्टी आणि मुंबईचा बाजार चालू. मग तर विचारूच नका. झल्लाकच्या किनाऱ्यावर मुलं वाळूत खेळतायत आणि बाबा मोबाइलमध्ये मान घालून बसलेत, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही.

दुसरी सोय दिनाराची. पन्नास हजार रुपये गेले, तर इथे बसून आपण मनात भागाकार करतो आणि म्हणतो, दोनशे-सव्वादोनशे दिनार तर गेले. आकडा लहान दिसतो. पण गावाकडच्या घराचा हप्ता रुपयांतच जातो, आईचं औषधपाणी रुपयांतच होतं. त्यामुळे पहिला नियम साधा आहे: नफा-तोटा ज्या चलनात खर्च करणार, त्याच चलनात मोजा.

आता थोडे खरे आकडे. भारताच्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये, व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य ट्रेडरांचा हिशेब त्यात आहे. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांचा तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त नफा कमावलेले फक्त १ टक्का. आणि सर्वांत जास्त ट्रेडर कुठले? आपल्या महाराष्ट्रातले. दर पाचांतला एक जण मराठी मुलखातला. पुढे जुलै २०२५ मध्ये सेबीने २०२४-२५ या वर्षाचे आकडे दिले; त्यातही ९१ टक्के लोक तोट्यातच होते आणि एकूण तोटा १ लाख कोटींच्या पुढे गेला होता.

या अभ्यासातली मला सगळ्यांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तोट्यात असलेल्यांपैकी पाऊणहून अधिक लोकांनी तोटा होऊनही व्यवहार चालूच ठेवले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा.

हे सगळे लोक काही बिनडोक नव्हते. बऱ्याच जणांचा बाजाराचा अंदाज निम्म्या वेळा तरी बरोबर येतच असणार. मग पैसे का गेले? एक कारण खर्चाचं आहे: दलाली, कर, फी. दुसरं कारण असं, की अंदाज बरोबर आला तेव्हा कमाई छोटी आणि चुकला तेव्हा फटका मोठा. हे कागदावर मांडून बघू.

समजा दहा सौदे केले. त्यातले सात बरोबर आले, तीन चुकले. दहात सात म्हणजे कुणीही पाठ थोपटेल. पण बरोबर आलेल्या प्रत्येक सौद्यात आपण हजार रुपये मिळताच घाईने बाहेर पडलो, आणि चुकलेल्या प्रत्येक सौद्यात 'येईल परत वर' म्हणत तीन हजार जाईपर्यंत बसून राहिलो. कमाई सात हजार, तोटा नऊ हजार. दहात सात बरोबर येऊनही खिशातून दोन हजार गेले. आता उलट बघा. दहात चारच बरोबर, पण प्रत्येकात दोन हजार मिळाले. सहा चुकले, पण प्रत्येकात हजारच गेले. कमाई आठ हजार, तोटा सहा हजार, शिल्लक दोन हजार. निम्म्याहून जास्त वेळा चुकणारा माणूस फायद्यात आहे. म्हणजे किती वेळा बरोबर आलो याच्या जोडीला, चुकलो तेव्हा किती गेलं, हे लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आता दुसरं गणित, ते जास्त निर्दय आहे. शंभर रुपयांतले दहा गेले, तर उरलेल्या नव्वदचे पुन्हा शंभर करायला ११ टक्के कमवावे लागतात. ठीक आहे, जमेल. पंचवीस गेले तर ३३ टक्के. पन्नास गेले तर उरलेल्या पन्नासचे शंभर करायला १०० टक्के, म्हणजे पैसे दुप्पट करावे लागतात. पंचाहत्तर गेले तर ३०० टक्के. नव्वद गेले तर ९०० टक्के. उतरण जितकी खोल तितका चढ जास्त उभा. म्हणून अनुभवी ट्रेडर 'किती मिळेल' हे नंतर बघतो, 'किती खोल जाऊ शकतो' हे आधी बघतो.

तुम्ही म्हणाल, इतके तोटे सलग थोडेच होतात? होतात. नाणं शंभर वेळा उडवलं, तर त्यात कुठे ना कुठे सलग पाच वेळा काटाच पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. सलग सहा वेळा पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. नाण्याने आपल्याशी वैर धरलेलं नसतं. नशीब असंच गठ्ठ्याने येतं. तेव्हा वर्षभरात शंभर सौदे करणाऱ्याने सलग पाच-सहा तोटे येणार, हे धरूनच चालायला हवं. आणि वाईट वर्षी दहाही येतील.

आता बघा, सलग दहा तोटे झाले तर काय उरतं. दर सौद्यात शिल्लक भांडवलाच्या १ टक्का गेला, तर दहा तोट्यांनंतरही शंभरातले ९० रुपये हातात असतात. २ टक्के गेले तर साधारण ८२. दर वेळी १० टक्के गेले तर उरतात ३५. आणि २० टक्के गेले तर फक्त ११ रुपये. बाजार तोच, तोटे तेच दहा, माणूसही तोच. फरक फक्त दर वेळी किती लावलं एवढाच. पहिला माणूस अकराव्या सौद्याला शांत डोक्याने बसतो. शेवटचा माणूस उसने कुणाकडून घ्यायचे याचा विचार करत असतो.

म्हणून सर्वसाधारण रीत अशी, की एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त तोटा होऊ द्यायचा नाही. फार तर २. इथे एक गैरसमज नेहमी होतो, तो काढून टाकू. १ टक्का म्हणजे १ टक्क्याचेच शेअर घ्या असं नव्हे. १ टक्का हा तोट्याचा आकडा आहे, खरेदीचा नाही. उदाहरण लिहून घ्या.

ट्रेडिंगचं भांडवल ५ लाख रुपये. १ टक्का म्हणजे ५ हजार. एक शेअर ४०० रुपयांना आहे. तुमच्या अभ्यासानुसार तो ३८० च्या खाली गेला, तर आपला अंदाज चुकला असं मानायचं. तिथे स्टॉपलॉस लावायचा. म्हणजे एका शेअरमागे तोटा २० रुपये. ५ हजारांना २० ने भागा: २५० शेअर. तेवढेच घ्यायचे. खरेदी झाली १ लाखाची, पण धोका ५ हजारांचा.

आता दुसरा शेअर, तोही ४०० चाच, पण फार उड्या मारणारा. त्याला २० रुपयांचा स्टॉपलॉस पुरत नाही, दुपारच्या चहाच्या आत तो उडून जाईल. त्याला ५० रुपयांची जागा द्यावी लागते. ५ हजारांना ५० ने भागा: १०० शेअर. खरेदी फक्त ४० हजारांची. दोन्हींत धोका सारखाच, ५ हजार. चंचल शेअर कमी घ्यायचा, संथ शेअर थोडा जास्त. सूत्र एकच: सोसायचा तोटा भागिले एका नगामागचा तोटा. उत्तर येतं ती नगांची संख्या. क्रम लक्षात ठेवा. आधी स्टॉपलॉस कुठे ते बाजार बघून ठरवायचं, मग नग मोजायचे. पुष्कळ लोक उलटं करतात: आधी 'पाचशे घेऊ' म्हणतात, मग खिशाला परवडेल तिथे स्टॉपलॉस ओढून आणतात. बाजाराला आपल्या खिशाशी काही देणंघेणं नसतं.

याच हिशेबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या करारांची किमान किंमत १५ लाखांपर्यंत वाढवली. लॉटचा आकार वेळोवेळी बदलतो. हिशेबापुरता निफ्टी २५ हजार आणि लॉट ७५ चा धरू. एका फ्युचर लॉटची किंमत झाली १८ लाख ७५ हजार. ५० अंकांचा छोटासा स्टॉपलॉस लावला, तरी तोटा ३,७५०. ज्याचं भांडवल २ लाख आहे, त्याचा १ टक्का २ हजार. म्हणजे एक लॉटसुद्धा त्याच्या अंथरुणाबाहेर आहे. सूत्राचं उत्तर एकापेक्षा कमी आलं, तर त्याचा अर्थ 'एक घ्या' असा होत नाही. अर्थ असा, की हा खेळ सध्या आपला नाही. हे उत्तर स्वीकारता येणं हीच अर्धी शिस्त.

आता मंडळी, झल्लाकपासून जवळच असलेल्या एका जागेकडे वळू. साखीरचं रेसिंग सर्किट. मोसमात आवाज आपल्याला घरात ऐकू येतो, त्यामुळे वेगळी ओळख नको. २९ नोव्हेंबर २०२० ला तिथल्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत, रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची गाडी ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि भडका उडाला. जवळपास अर्धा मिनिट तो त्या आगीत होता आणि मग स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हात भाजले, जीव वाचला. डोक्याभोवती 'हेलो' नावाचं एक कडं होतं, त्याने कठड्याचा लोखंडी पत्रा अडवला. हे कडं २०१८ पासून सक्तीचं झालं होतं. गंमत म्हणजे तेव्हा त्याला नावं ठेवणाऱ्यांत ग्रोजाँ स्वतः होता. गाडीचं रूप बिघडतं, वजन वाढतं, असे आक्षेप त्या वेळी अनेकांचे होते. अपघातानंतर इस्पितळातूनच त्याने आपलं मत बदलल्याचं सांगितलं.

स्टॉपलॉस आणि छोटी पोझिशन ही तशीच कडी आहेत. शंभरातल्या नव्वद दिवशी ती अडचणच वाटतात. मोठा लॉट घेतला असता तर आज इतके मिळाले असते, असं मन कुरकुरत राहतं. पण ती लावायची वेळ शर्यत सुरू होण्यापूर्वीची असते. आग लागल्यावर कुणी कडं बसवायला घेत नाही. सौदा करण्याआधीच तीन आकडे लिहून ठेवायचे: कितीला घेतलं, कितीला बाहेर पडणार, किती नग. पोझिशन चालू झाल्यावर माणसाचं डोकं आपलं राहत नाही.

बहरीनचा आणखी जुना दाखला आहे, मोती काढणाऱ्यांचा. इथल्या गोताखोराला घैस म्हणत, आणि वर होडीत त्याचा दोर धरून बसणाऱ्याला सैब. घैस नाकाला चिमटा लावून तळाशी जायचा, शिंपले गोळा करायचा, आणि श्वास संपत आला की दोराला हिसका द्यायचा. सैब त्याला वर खेचायचा. खाली समोर शिंपल्यांचा ढीग दिसत असला, तरी श्वास संपला की वर यायचं. ढीग उद्याही असतो. ट्रेडिंग करणाऱ्यालाही एक सैब हवा. तो घरातला असला तर उत्तम. महिन्याचा तोटा ठरलेल्या आकड्यावर गेला की 'आता बंद' म्हणणारा माणूस, आणि त्याचं ऐकायचंच असं आधी दिलेलं वचन.

त्याच मोत्यांची पुढची गोष्टही आपल्या विषयाची आहे. इथला मोती मुंबईच्या बाजारात जायचा आणि तिथून जगभर. सगळ्या बेटाचं पोट त्या एका मालावर. घैस लोक हंगामाआधी उचल घेऊन कर्जात बांधलेले असत. मग जपानचे कल्चर मोती आले, १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि काही वर्षांत तो धंदा बसला. १९३२ मध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागलं म्हणून बेट सावरलं. सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून असणं, आणि त्यातही उचल घेतलेली असणं, हा धोक्याचा सगळ्यांत जुना प्रकार आहे.

आपल्या बाबतीत हे कसं लागू होतं? पाच बँकांचे पाच शेअर घेतले, तर ते पाच सौदे नसतात. वाईट बातमी आली की पाचही एकदम खाली जातात. तो एकच मोठा सौदा असतो. म्हणून प्रत्येक सौद्याला १ टक्का ही मर्यादा जशी, तशीच एका वेळी उघड्या असलेल्या सगळ्या सौद्यांचा मिळून धोका ५-६ टक्क्यांच्या आत, ही दुसरी मर्यादा ठेवा. आणि आखातातल्या माणसाने अजून एक बघावं. आपली नोकरी बहुतेक वेळा तेलाशी, बांधकामाशी, नाहीतर त्यांवर चालणाऱ्या एखाद्या धंद्याशी बांधलेली. तेल पडलं तर पगारावर गदा. त्यात ट्रेडिंगही कच्च्या तेलातच केलं, तर नोकरी आणि पोझिशन एकाच दिवशी अडचणीत येतात.

कच्च्या तेलावरून एप्रिल २०२० आठवलं. लॉकडाउनमुळे मुंबईच्या एमसीएक्सने कामकाज संध्याकाळी पाचलाच बंद करायला सुरुवात केली होती. २० एप्रिलला भारतात बाजार बंद झाल्यानंतर रात्री अमेरिकेत मे महिन्याच्या तेलाचा भाव शून्याखाली गेला: बॅरलला उणे ३७.६३ डॉलर. एमसीएक्सवर सौदे मिटवायचा भाव ठरला उणे २,८८४ रुपये. लॉट १०० बॅरलचा. म्हणजे नुसत्या शून्याखालच्या भागाचेच एका लॉटमागे २,८८,४०० रुपये. ज्यांनी 'याहून खाली कुठे जाणार' म्हणून स्वस्तात घेतलं होतं, त्यांना बाहेर पडायला दारच नव्हतं. स्टॉपलॉस लावलेला असता तरी बंद बाजारात तो चालणार कसा?

शेअर बाजारातही हे होतं. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी झाली आणि निफ्टी १,३७९ अंक, म्हणजे जवळपास ६ टक्के खाली बंद झाला. २३ मार्च २०२० ला तर सुरुवातीलाच १० टक्के पडून बाजार ४५ मिनिटं थांबवावा लागला, आणि दिवसअखेर सेन्सेक्स १३ टक्के खाली होता. अशा दिवशी ३८० चा स्टॉपलॉस ३८० ला लागेलच असं नाही; पहिला भावच ३५० निघाला तर ३५० ला विक्री होते. स्टॉपलॉस ही चांगली कडी आहे, पण ती तुटूही शकते. तुटली तरी वाचवते ती पोझिशनची लहान साइझ.

म्हणून रात्रभर ठेवायच्या प्रत्येक सौद्याला दुसरा प्रश्न विचारा: उद्या हे १० टक्के खाली उघडलं तर किती जातील? मघाच्या उदाहरणात १ लाखाचे शेअर होते. १० टक्के म्हणजे १० हजार, ५ लाखांतले २ टक्के. दुखेल, पण झोप लागेल. तेच फ्युचरचा १८ लाख ७५ हजारांचा लॉट असेल, तर १० टक्के म्हणजे १ लाख ८७ हजार ५००. उत्तर ऐकून पोटात गोळा आला, तर पोझिशन मोठी आहे. पोटाचं ऐका.

इथे उसन्या जोराची गोष्ट येते. फोनवर, सोशल मीडियावर परकीय चलनाच्या ट्रेडिंगच्या जाहिराती येतात: शंभर डॉलर भरा आणि दहा हजारांचा व्यवहार करा. शंभरपट लिव्हरेज. याचं भाषांतर एवढंच, की भाव तुमच्या विरुद्ध १ टक्का हलला की तुमचे शंभर गेले. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या चलनावरची मर्यादा अचानक उठवली. काही मिनिटांत स्विस फ्रँक इतका उसळला, की लोकांचे स्टॉपलॉस जागेवर लागलेच नाहीत. भरलेले पैसे तर गेलेच, पण खात्यात उलट देणं निघालं. ब्रिटनमधली एक नावाजलेली ब्रोकर कंपनी त्यात दिवाळखोरीत गेली. लिव्हरेज किती मिळतंय हे ब्रोकर सांगतो. किती वापरायचं हे आपलं सूत्र सांगतं. आणि खातं उघडण्याआधी त्या कंपनीकडे कुठल्या देशाच्या नियामकाचा परवाना आहे, बहरीनमध्ये असेल तर इथल्या सेंट्रल बँकेचा आहे का, हे त्या नियामकाच्याच यादीत बघा. कंपनीच्या माहितीपत्रकात नको.

आता एक सवय, जिने मोठमोठे बुडाले. तोट्यातल्या सौद्यात आणखी पैसे घालणं. 'ॲव्हरेज करतो' असं गोड नाव आहे तिचं. ठरवून, टप्प्याटप्प्याने, दीर्घ मुदतीसाठी चांगला शेअर घेणं वेगळं. ट्रेडिंगमध्ये अंदाज चुकल्यावर हट्टाने नग वाढवणं वेगळं. १९९५ साली सिंगापूरमध्ये निक लीसन नावाचा तरुण बेअरिंग्ज बँकेच्या वतीने जपानी निर्देशांकात सौदे करत होता. जुने तोटे त्याने एका खात्यात लपवून ठेवले होते. १७ जानेवारीला कोबेला भूकंप झाला, बाजार पडला. त्याने बाहेर पडण्याऐवजी पोझिशन वाढवत नेली, बाजार परत येईल या आशेवर. फेब्रुवारीअखेर तोटा ८२ कोटी ७० लाख पाउंडांवर गेला. १७६२ सालची ती बँक एका पाउंडाला विकली गेली. लक्षात घ्या, पहिल्या तोट्याने बँक बुडाली नाही. तो भरून काढायच्या धडपडीने बुडाली. आणि दुसरं, तोटा लपवलेला होता.

हा लपवण्याचा मुद्दा मला घरांच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अनिवासी भारतीयांना भारतात शेअरमध्ये इंट्राडे ट्रेडिंग करता येत नाही; घेतलेला शेअर डिलिव्हरीत घ्यावा लागतो. एफ अँड ओ करता येतं, पण भारतातल्या रुपयातल्या पैशांतून आणि ते पैसे परदेशी नेता येणार नाहीत या अटीवर. यातून पळवाट म्हणून पुष्कळ जण गावाकडच्या भावाच्या, बायकोच्या, नाहीतर वडिलांच्या नावावर खातं उघडून इथून चालवतात. पण मार्जिन कमी पडलं की नोटीस त्यांना जाते. कराचा प्रश्न आला की उत्तर त्यांना द्यावं लागतं. वडिलांना कल्पनाही नसते, की आपल्या नावावर १८ लाखांचा सौदा उघडा आहे. धोका दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून केलेलं गणित कितीही बरोबर आलं, तरी ते आपलं गणित नव्हे.

आणि इथला आपला मुक्काम नोकरीवर उभा आहे. उद्या नोकरी गेली तर काही आठवड्यांत घर आवरायचं, मुलांच्या शाळेचं बघायचं, तिकिटं काढायची. त्या दिवसासाठी लागणारा पैसा ट्रेडिंगच्या खात्यात असून चालणार नाही. म्हणून सगळ्या सूत्रांच्या आधीचा नियम असा: सहा महिन्यांचा घरखर्च, परतीची तिकिटं, वर्षाची शाळेची फी आणि गावाकडचे हप्ते हे बाजूला. सेवाअखेर मिळणारी रक्कम बाजूला. बँकेचं कर्ज आणि क्रेडिट कार्ड तर या कामाला वापरायचंच नाही. हे सगळं काढून जे उरेल, आणि जे पूर्ण गेलं तरी घरात कुणाचं ताट रिकामं होणार नाही, ते ट्रेडिंगचं भांडवल. अंथरूण म्हणतात ते एवढंच. त्याचा १ टक्का काढायचा. उत्तर लहान येईल. येऊ द्या.

आता सगळं थोडक्यात, कागदावर उतरवून फ्रिजवर लावण्यासारखं.

एक. ट्रेडिंगचे पैसे घरखर्चापासून वेगळ्या खात्यात.

दोन. एका सौद्यात तोटा भांडवलाच्या १ टक्क्यापर्यंत. नग सूत्राने काढायचे, मनाने नाही.

तीन. सगळ्या उघड्या सौद्यांचा मिळून धोका ५-६ टक्क्यांच्या आत. एकाच क्षेत्रातले सौदे एकच धरायचे.

चार. महिन्यात ६ टक्के गेले की त्या महिन्यापुरतं दुकान बंद. पुढच्या महिन्यात बाजार तिथेच असतो.

पाच. तोट्यातल्या सौद्यात भर घालायची नाही. स्टॉपलॉस लावल्यावर तो फक्त फायद्याच्या दिशेने सरकवायचा.

सहा. एक वही. तारीख, किती नग, कितीला घेतलं, कुठे बाहेर पडणार, का घेतलं, काय झालं. ही वही महिन्यातून एकदा घरातल्या दुसऱ्या माणसाने वाचायची.

सहाव्या कलमावर घरोघर कुरकुर होणार, मला माहीत आहे. पण जो आकडा घरात दाखवता येत नाही, तो आकडा मोठा झालेला असतो. एवढी एक खूण पुरे.

या आठवड्याचा अभ्यास असा. शेवटचे वीस सौदे काढा. बरोबर आलेल्यांची सरासरी कमाई आणि चुकलेल्यांचा सरासरी तोटा शेजारी-शेजारी लिहा. दोन आकडे, बाकी काही नको. ते बघून तुम्हाला जे कळेल, ते कुठल्याही टिप देणाऱ्याला सांगता येणार नाही. कदाचित त्यातून 'आपण ट्रेडिंग करूच नये' असंही उत्तर येईल. तेही चांगलंच उत्तर आहे; बाजारात नसण्याने आजवर कुणाचं घर बुडालेलं नाही.

ज्यांच्या घरी कुणी तोट्यात अडकलेलं आहे, त्यांना शेवटचं सांगतो. रागावू नका, आधी एकूण आकडा विचारा. पूर्ण आकडा एकदा टेबलावर आला की अर्धं ओझं उतरतं, आणि पुढचा हिशेब दोघांना मिळून करता येतो. गेलेले पैसे नोकरी करून हळूहळू भरून निघतात. ते बाजारातूनच, आणि ताबडतोब, भरून काढायचे असा हट्ट तेवढा होऊ देऊ नका.

आजच्यापुरतं इतकंच. वही घाला, काळजी घ्या. नमस्कार.